स्क्रीनशॉट आणि स्थळ

स्थळाची चौकशी ही एके काळी पायांनी करायची गोष्ट होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याकडे पावशेर साखर घेता घेता विषय काढायचा, शेजारच्या बिऱ्हाडात पाणी मागायचं, मुलाच्या ऑफिसातला कुणी ओळखीचा निघतो का बघायचं. मुरलेला माणूस एकाच घरी विचारून कधी परतत नसे. भाऊबंदकी असलेल्या घरचं बोलणं तो अर्धं धरी आणि मुलाच्या मामानं केलेलं कौतुक पाव. वाण्याचं मात्र पुरतं धरी, कारण वाण्याला एकच गोष्ट माहीत असायची आणि ती पक्की माहीत असायची: उधारी वेळेवर फिटते की नाही.

आता चौकशी अंगठ्यानं होते. बोलणी साखरपुड्याच्या तारखेपर्यंत आलेली असतात आणि मुलीच्या मावसभावाकडून एक स्क्रीनशॉट येतो. मुलानं तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा ग्रुपवर एका बाईला उद्देशून काहीतरी लिहिलेलं. भाषा वाचवत नाही. आई म्हणते, "मोडा." बाबा म्हणतात, "पोरं लिहितात असं काहीबाही." दोघांचंही उत्तर एका चौकोनी चित्रावरून आलेलं असतं, आणि ते चित्र कापणाऱ्यानं कुठे कापलं हे दोघांनीही पाहिलेलं नसतं.

म्हणून सुरुवात कापलेल्या कडांपासून करायची. स्क्रीनशॉटमध्ये सहसा चार गोष्टी नसतात: तारीख, ज्या वाक्याला हे उत्तर होतं ते वाक्य, ग्रुपचं नाव, आणि खाली पुढे काय झालं ते. या चारही मिळाल्याशिवाय मत बनवायचं नाही. मूळ दुवा मागा. दुवा नसेल, तर चित्राला पुराव्याचा मान देऊ नका. कंप्युटरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचं वाक्य आपल्या पडद्यापुरतं बदलून त्याचा फोटो काढायला दोन मिनिटं पुरतात आणि त्याला कसलंही खास ज्ञान लागत नाही. पोस्ट उडवली असेल, तर वेबॅक मशीनसारख्या जुनी पानं जपणाऱ्या ठिकाणी ती कधी कधी सापडते. बंद ग्रुपमधलं मात्र तिथे काही सापडत नाही. मग ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या फोनवरून तोच संवाद पूर्ण दाखवला पाहिजे.

खबरदारी फार वाटत असेल, तर मे २०२० मधलं दिल्लीचं 'बॉईज लॉकर रूम' प्रकरण आठवा. इन्स्टाग्रामवर शाळकरी मुलांचा एक ग्रुप होता, त्यात मुलींचे फोटो टाकून अश्लील बोलणं चाले, हे खरं होतं. पण त्याबरोबर देशभर फिरलेला सर्वांत भयंकर स्क्रीनशॉट, ज्यात एका मुलीवर बलात्कार करण्याची भाषा होती, तो त्या ग्रुपमधला नव्हताच. पोलिसांच्या तपासात निघालं की ते स्नॅपचॅटवरचं दोघांमधलं बोलणं होतं. त्यातला भयंकर बोलणारा 'मुलगा' म्हणजे खोटं खातं काढलेली एक मुलगी होती. समोरच्या मुलाचं चारित्र्य तपासावं म्हणून तिनं स्वतःबद्दलच ते सुचवलं होतं, आणि त्या मुलानं ते नाकारलं होतं. म्हणजे परीक्षेत जो पास झाला, त्याच्याच संवादाचं चित्र गुन्ह्याचा पुरावा म्हणून घरोघर पोचलं.

खातं कुणाचं हाही तितकाच नाजूक प्रश्न. मराठी संस्थळांवर वावरलेल्यांना 'डु-आयडी' समजावून सांगायची गरज नाही: एकाच माणसाची दोन-चार नावं, एकानं काडी टाकायची आणि दुसऱ्यानं येऊन "+१" म्हणायचं. जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावाला' लावणाऱ्या 'बुली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांनी सांगितलं होतं की, आरोपींनी खात्यांना शीख वाटतील अशी नावं दिली होती. उद्देश उघड होता: वाचणाऱ्यानं चुकीच्या समाजावर राग धरावा. त्यामुळे नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नव्हे. काही ठिकाणी सोडलेलं वापरकर्तानाव दुसऱ्याला घेता येतं, आणि जुने उल्लेख मग नव्या मालकाच्या माथी येतात. किमान तीन खुणा वेगवेगळ्या जागी जुळल्या पाहिजेत: गाव, कामाचा तपशील, लिहिण्याची एखादी लकब (ऱ्हस्वदीर्घाची ठरावीक चूकही चालेल). आणि फोरचॅन या इंग्रजी चर्चास्थळासारख्या जागी, जिथे २००३ पासून बहुतेक सगळे 'अनामिक' म्हणूनच लिहितात, एखाद्याच्या लिखाणाचा इतिहास असा गोळाच करता येत नाही. तिथून आणलेल्या एका ओळीवरून माणूस ओळखल्याचा दावा करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

हे झालं कागदपत्रांचं. खरी मेहनत पुढे आहे, आणि ती माणसाचं लिखाण वाचण्याची नाही, तो जिथे लिहितो त्या खोलीचं लिखाण वाचण्याची आहे.

ज्या धाग्यावर (म्हणजे चर्चेच्या पानावर) त्यानं ते लिहिलं, तिथल्या इतरांच्या निदान पन्नास प्रतिक्रिया आधी वाचा. त्याची एकही वाचू नका. त्या खोलीत नेहमीचं तापमान किती हे अंगाला कळलं पाहिजे. काही खोल्यांत शिवी हा स्वल्पविराम असतो. काही खोल्यांत कुणीच शिवी देत नाही, पण "ताई, तुम्ही राहू द्या" या चार शब्दांत माणूस सोलला जातो. पुणे-मुंबई, परदेशस्थ विरुद्ध देशस्थ (म्हणजे देशात राहिलेले, त्या देशस्थांचा धागा वेगळा), शुद्धलेखन, आरक्षण या विषयांवरच्या चर्चेत रविवारी दुपारी शिरून बघा, एरवी सोसायटीत लिफ्ट धरून ठेवणारी माणसं तिथे काय बोलतात ते दिसेल. खोलीच्या तापमानाएवढं तापलेल्या माणसाबद्दल आपल्याला फक्त इतकंच कळतं की तो त्या खोलीत होता.

हे सबब म्हणून सांगत नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी (जस्टिन चेंग आणि सहकारी) ६६७ जणांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना आधी अवघड प्रश्न देऊन "तुमची कामगिरी वाईट झाली" असं सांगितलं, निम्म्यांना सोपे प्रश्न देऊन खूश केलं. मग सगळ्यांना एका बातमीवर प्रतिक्रिया लिहायला दिली. काहींच्या समोर आधीच्या प्रतिक्रिया साध्या होत्या, काहींच्या समोर विषारी. मनःस्थिती चांगली आणि समोरच्या प्रतिक्रियाही साध्या, अशा गटात सुमारे ३५ टक्के प्रतिक्रिया ट्रोलिंगच्या निघाल्या. दोन्ही वाईट, तिथे ६८ टक्के. माणसं त्याच प्रकारची, थोड्या वेळापूर्वी काय झालं आणि समोर काय दिसलं एवढाच फरक. त्याच अभ्यासात एका वृत्तसंस्थळावरच्या खऱ्या चर्चाही तपासल्या होत्या. रात्री उशिरा आणि आठवड्याच्या सुरुवातीला बिघाड जास्त दिसला. तेव्हा पोस्टची वेळ वहीत टिपून ठेवायची, ती उगाच नाही.

आपल्याला खोली दिसत नाही, माणूस तेवढा दिसतो, ही वाचणाऱ्याची जुनी खोड आहे. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी लोकांना क्युबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूनं आणि विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्यानं बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती, असं स्पष्ट सांगूनही वाचणारे म्हणत राहिले की बाजूनं लिहिणारा मनातूनही कॅस्ट्रोकडेच झुकलेला असणार. वादस्पर्धेत 'विरुद्ध' बाजूची चिठ्ठी उचललेल्या पोराला परीक्षकानं घरी जाऊन सुनवावं, तसं.

इथवर वाचून मुलाच्या बाबांना हायसं वाटलं असेल. म्हणून आता दुसरी बाजू.

"तो तिथे तसा लिहितो, पण प्रत्यक्षात फार चांगला आहे हो." हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ते खरं असण्याची शक्यता नाही. अलेक्झांडर बोर आणि मायकेल पीटरसन यांनी अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. राजकीय चर्चेत ऑनलाइन आक्रमक असणारे लोक समोरासमोरही तसेच आक्रमक असतात, असं त्यात दिसलं. इंटरनेट गरीब गाईचा बैल करत नाही. बैल आधीपासूनच असतो, फक्त त्याची डरकाळी आता चार जिल्ह्यांत ऐकू जाते. २०१४ मध्ये एरिन बकल्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं की प्रतिक्रिया लिहिताना सर्वांत जास्त मजा कशात येते. "इतरांना ट्रोल करण्यात" असं सांगणारे ५.६ टक्के निघाले, आणि दुसऱ्याच्या दुःखात आनंद मानण्याच्या वृत्तीशी त्या आवडीचा घट्ट संबंध दिसला.

मग चेंग खरे की बोर? माझ्या मते दोघेही, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. एकानं एका संध्याकाळच्या प्रतिक्रिया मोजल्या, दुसऱ्यानं माणसांच्या सवयी. कुणाचीही एखादी संध्याकाळ वाईट जाऊ शकते, पण तिनशे संध्याकाळी सलग वाईट जात नाहीत. स्क्रीनशॉट ही नेहमी एकच संध्याकाळ असते. आपल्याला प्रश्न सवयीचा पडलेला असतो, आणि हातात असते ती एक तारीख.

सवय वाचायची तर प्रमाण लागतं. माझा ढोबळ हिशेब असा: किमान शंभर पोस्ट, किमान एका वर्षावर पसरलेल्या, किमान तीन वेगळ्या जागांवरच्या. तिसरी जागा अशी शोधायची जिथे भांडणाला कारणच नाही: बागकाम, ट्रेकिंग, जुन्या गाड्या, किशोरकुमार. दोन संध्याकाळी लागतात. पोस्ट तारखेच्या क्रमानं वाचायच्या, शोधखिडकीत शिव्या घालून नव्हे. शिवी शोधली की शिवीच सापडते, आणि ती ज्या ढिगातून निघाली तो ढीग दिसत नाही. नऊशेपैकी सात आणि वीसपैकी सात यांत स्क्रीनशॉट सातच निघतात. माणसं दोन निघतात.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख-वेळ, जागा, कुणाला, कशाच्या उत्तरात, आणि पुढे काय. शेवटचा रकाना बहुतेक लोक गाळतात, आणि सगळं त्यातच असतं.

'कुणाला' या रकान्यापासून बघू. माणूस वर थुंकतो की खाली? मंत्र्याला, मोठ्या नटाला, लाखो अनुयायी असलेल्या पत्रकाराला दिलेली शिवी असभ्य असते, पण ती देणाऱ्याला परतीचा मार मिळण्याची भीती असते. नव्यानं आलेल्या, शुद्ध मराठी न येणाऱ्या, पहिलीच कविता टाकणाऱ्या माणसाला जो हुडकून टोचतो, त्याची गोष्ट वेगळी. मग जोडीनं वाचायचं: एकाच धाग्यावर तोच मुद्दा एका पुरुषानं आणि एका बाईनं मांडलेला असतो, असे धागे मुबलक सापडतात. याचं दोघांना दिलेलं उत्तर शेजारी शेजारी ठेवा. "सर, इथे थोडा मतभेद आहे" आणि "मॅडम, आधी नीट वाचा मग बोला" ही एकाच पाच मिनिटांतली दोन उत्तरं असतील, तर शिवी एकही नसून वहीत लाल खूण करायची. हीच चाचणी आडनावावर करा. आपल्याकडे मुद्द्याआधी आडनाव वाचणारे खूप. टोपणनावानं लिहिणाऱ्याशी तो एक बोलत असेल आणि खऱ्या आडनावानं तोच मुद्दा मांडणाऱ्याशी दुसरं, तर तो कुणाशी बोलतोय हे कळलंच.

मराठीत अपमान शिवीत कमी आणि आदरार्थी बहुवचनात जास्त असतो, हे यंत्राला कधी कळेल कोण जाणे. "आपण थोर आहात" हे वाक्य शब्दकोशानं तपासलं तर स्तुती आहे. आणि 'ह.घ्या.', म्हणजे हलके घ्या. मित्रांत ते खरंच हलकं असतं. पण ज्याच्या प्रत्येक ओरखड्यामागे 'ह.घ्या.' येतं, आणि समोरच्यानं "मला लागलं" म्हटल्यावरही येत राहतं, त्यानं ते क्षमेचं कोरं मुद्रांकपत्र करून ठेवलेलं असतं. विनोद आणि विखार यांतला फरक नुसत्या अक्षरांवरून ओळखता येत नाही, ही अडचण २००५ मध्ये नेथन पो नावाच्या माणसानं एका चर्चेत सांगितली आणि ती त्याच्या नावानं नियम म्हणून रूढ झाली. माझ्यापुरता यावरचा उपाय: लिहिणाऱ्याचा हेतू शोधत बसायचं नाही, समोरच्यानं दुखतंय म्हटल्यावर त्यानं काय केलं ते बघायचं. थांबला? विषय बदलला? की मित्रांना हाक मारली?

हा झाला 'पुढे काय' हा रकाना. यात पाठलाग सर्वांत वाईट. भांडण ज्या धाग्यावर झालं तिथेच संपलं तर ते भांडण. समोरच्याच्या दुसऱ्या धाग्यावर जाऊन टोमणा, त्याच्या खासगी खिडकीत संदेश, त्याच्या जुन्या फोटोंखाली हास्याचे चेहरे, मग त्याच्या नोकरीच्या ठिकाणाचा उल्लेख: ही उतरंड चढणारा माणूस खोलीच्या तापमानामुळे चढत नाही. त्यासाठी उठून खोलीबाहेर यावं लागतं. आणि कुणाचा फोन नंबर, पत्ता, मुलांची शाळा जाहीर करणं याला संदर्भ नसतो. तिथे शंभर पोस्ट वाचायची गरज नाही; एक पुरते. 'बुली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांनी सुरुवातीला पकडलेले तिघे १८ ते २१ वयाचे होते. वय कोवळं होतं, खोली विषारी होती, दोन्ही खरं. पण ती कृती होती, शब्द नव्हते, आणि ती पायरी पायरीनं उभारावी लागली होती.

झुंडीतली जागाही बघायची. आधीच चारशे जण तुटून पडलेल्या माणसावर चारशे एकावा दगड टाकणारा आणि पहिला दगड टाकणारा सारखे नाहीत. पहिल्याला चाड नाही, चारशे एकाव्याला कणा नाही. संसाराला कुठला जास्त जड हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला तरी चारशे एकाव्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण सासरच्या दिवाणखान्यातही झुंड असते.

याच्या उलट, सोन्याचा कण कुठे सापडतो ते सांगतो: स्वतःच्या बाजूचा माणूस खोटं बोलत असताना. एका विषारी ग्रुपात, स्वतःच्या पक्षाच्या, जातीच्या, आवडत्या नेत्याच्या समर्थकांसमोर "हा फोटो जुना आहे, काढून टाका" एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असेल आणि त्याबद्दल शिव्या खाल्ल्या असतील, तर त्या वाक्याचं वजन त्याच्या वीस चिडक्या पोस्टपेक्षा जास्त धरावं. कारण त्याला किंमत पडली. ग्रुपात टाळ्या मिळवणारं वाक्य फुकट असतं, किंबहुना त्यावर बक्षीस मिळतं. विल्यम ब्रेडी आणि येलमधल्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांचे सव्वा कोटीहून जास्त ट्वीट तपासले. संतापाच्या पोस्टला लाइक आणि शेअर मिळाले की ती माणसं पुढे आणखी संताप लिहू लागली, असं दिसलं. म्हणून एखाद्याच्या पोस्ट क्रमानं वाचताना त्या कुठल्या दिवसापासून कडवट झाल्या हे बघा. बहुतेकदा त्याच्या आदल्या आठवड्यात एखादी पोस्ट तुफान चाललेली असते. टाळ्या माणसाला घडवतात. मुलीचं घर एवढंच विचारू शकतं की टाळ्या बंद झाल्यावर तो पुन्हा साधा लिहू लागला का.

खोली बदलली की माणसं बदलतात, याचा एक मोठा पुरावा रेडिट या चर्चास्थळाचा आहे. २०१५ मध्ये रेडिटनं द्वेषासाठी कुप्रसिद्ध झालेले काही गट बंद केले, त्यांत लठ्ठ माणसांची टवाळी करणारा एक आणि वर्णद्वेषी एक असे दोन मोठे होते. पुढे संशोधकांनी तिथल्या लोकांचा माग घेतला. बरेचसे रेडिट सोडून गेले. जे राहिले आणि दुसऱ्या गटांत गेले, त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा ८० टक्क्यांहून जास्त घटली. नवीन खोलीतही त्यांनी जुनी घाण नेली नाही. हे वाचून दिलासा वाटायचा की घाबरायचं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. माणसं सुधारली, की फक्त जिथे जसं चालतं तसं वागली?

नुसतं सभासद असणं याला मात्र मी शून्य गुण देतो. व्हॉट्सॲपवर तर एप्रिल २०१९ पर्यंत कुणीही कुणालाही ग्रुपात ओढू शकत होतं. सेटिंग नंतर आलं आणि काकांनी ते अजून बदललेलं नाही. रोमात राहणारे, म्हणजे नुसते वाचणारे, बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

'लाइक'चंही तसंच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेतून जे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभं राहिलं, त्यात २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. कायद्यानं लाइकचा अर्थ लावू पाहिला, त्याचं हे झालं. घरगुती न्यायालयात मात्र ते कलम जोरात चालू आहे. लाइक म्हणजे सहमती, किंवा "वाचलं", किंवा मित्राचं मन राखणं, किंवा लोकलच्या गर्दीत घसरलेला अंगठा. एक्सनं (पूर्वीच्या ट्विटरनं) तर जून २०२४ पासून दुसऱ्यांचे लाइक दाखवणंच बंद केलं, त्यामुळे तो मार्गही तिथे संपला. हो, २०१५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात फेसबुकच्या लाइकवरून यंत्रानं स्वभाव ओळखला होता. पण सहकाऱ्याइतकं ओळखायला त्याला दहा लाइक पुरले, जोडीदाराइतकं ओळखायला तिनशे लागले. आणि ओळखलं ते काय? माणूस बडबड्या की अबोल, टापटीप की गबाळा, अशा पाच मोठ्या पट्ट्यांवरची जागा, तीही हजारो लोकांच्या सरासरीत. रागाच्या भरात तो ताट भिरकावेल का, हे त्यात कुठेच नव्हतं.

जुन्या पोस्टचं काय करायचं, यावर क्रिकेटचं उदाहरण बरं. २ जून २०२१ ला ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळत होता आणि त्याच दिवशी त्याचे २०१२-१३ मधले वंशवादी आणि स्त्रीद्वेष्टे ट्वीट वर आले. लिहिले तेव्हा तो १८-१९ वर्षांचा. दिवसाचा खेळ संपल्यावर त्यानं माफी मागितली. सामन्यात सात बळी घेतले आणि पुढच्या कसोटीतून त्याला बाहेर ठेवलं. शेवटी आठ सामन्यांची बंदी, त्यातली पाच सामन्यांची स्थगित, आणि दंड. त्याच मोसमात लीड्सला त्यानं भारताच्या दुसऱ्या डावात पाच जणांना बाद केलं, हे आपल्याला वेगळ्या कारणानं लक्षात आहे. त्याला जी शिक्षा झाली तीत मला एक व्यवहारी शहाणपण दिसतं: लिहिलेलं लहान मानलं नाही, आणि आठ वर्षांपूर्वीचा माणूस हाच आजचा माणूस असंही मानलं नाही. घरी हेच करायचं तर जुनी पोस्ट धरून तिच्यासारखीच पोस्ट गेल्या बारा महिन्यांत आहे का ते बघा. असेल तर जुनी आणि नवी मिळून एक सवय झाली. नसेल, तर मधल्या काळात कुठे त्यानं स्वतःहून, कुणी न पकडता, "तेव्हा मी चुकीचं लिहिलं" असं म्हटलंय का ते शोधा. सापडलं तर ते वाण्याच्या साक्षीइतकं पक्कं धरा. आणि जुनं सगळं एकदम उडवलेलं दिसलं, तर त्यात लगेच चोराच्या मनातलं चांदणं शोधू नका. नोकरी बदलताना बरेच जण खातं झाडून घेतात.

वाचणाऱ्याचीही झडती घ्यायला हवी. आपल्या विचारांचा माणूस शिवी देतो तेव्हा ती 'तळमळ' असते, दुसऱ्याचा देतो तेव्हा 'लायकी'. त्यावर सोपी युक्ती: पोस्टमधलं पक्षाचं, नेत्याचं, जातीचं नाव पेन्सिलीनं खोडून विरुद्ध बाजूचं घाला आणि मोठ्यानं वाचा. राग चढतो की उतरतो ते पाहा. दुसरं, घरातल्या दोघांनी वेगवेगळं वाचावं आणि एकमेकांशी बोलण्याआधी आपलं मत कागदावर लिहावं. एकदा आई "नालायक" म्हणाली की पुढचा वाचणारा नालायकीच शोधतो. खोटं खातं काढून मुलाशी गोड बोलून काही उकरायचं तर अजिबात नाही. आमिषाला माणूस जे बोलतो ते आमिषाबद्दल सांगतं, आणि दिल्लीच्या त्या खोट्या खात्याचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

आणि मग मुलाला विचारायचं. मुलीनं, एकटीनं, तिला वाटत असेल तर. कापलेला चौकोन त्याच्या तोंडापुढे धरून नव्हे, तर पूर्ण संवाद त्याच्या हातात देऊन. "हे काय आहे?" असा प्रश्न नको, त्याला उत्तर म्हणून वकिली येते. "त्या बाईंनी पुढे काय उत्तर दिलं होतं, आठवतं?" असं विचारावं. ज्याला समोरचं माणूस आठवतं, तो त्या माणसाबद्दल बोलतो, ज्याला नाही, तो संदर्भाबद्दल, मित्रांबद्दल, त्या काळच्या वातावरणाबद्दल बोलतो आणि शेवटी "तुम्ही माझं सगळं वाचलंत?" यावर येतो. हा शेवटचा प्रश्न त्याच्या बाजूनं रास्त आहे, हे मान्य करावं. हो, वाचलं, असं सांगावं. त्यालाही तुमचं वाचू द्यावं.

जमलं तर जमलं. नाही जमलं, तर ती वही फाडायची आणि फोनमधली चित्रं पुसायची. मावसभावाला दाखवायची नाहीत, 'लग्नाळू मुलींचे पालक' ग्रुपवर टाकायची नाहीत. तिथून पुढे त्या कडा कोण कुठे कापेल ते सांगता येत नाही. मुलाच्या घरी फक्त "योग नाही" एवढंच कळवायचं. कारण विचारलंच, तर पत्रिका आहे की.